गाव मोजायचं की माणूस?

चाकणहून तळेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एचपी चौकाच्या आसपास महाळुंगे पसरलं आहे. सरकारी कागदावर ते महाळुंगे इंगळे, तालुका खेड. (बालेवाडीला खेटून असलेलं महाळुंगे निराळं, ते मुळशी तालुक्यातलं.) बजाज ऑटोचा कारखाना १९९९पासून याच गावाच्या शिवारात आहे. शेजारच्या निघोज्यात महिंद्रा आणि फोक्सवॅगन. मोठ्या कंपन्यांमागे सुटे भाग करणाऱ्या लहान कंपन्या आल्या, त्यांच्यामागे ठेकेदार आले आणि ठेकेदारांमागे मराठवाडा, विदर्भ, खानदेश, बिहार, ओडिशातून माणसं आली. ही माणसं राहतात ती गावकऱ्यांनी बांधलेल्या खोल्यांत. एका रांगेत दहा-बारा दारं, टोकाला सामाईक संडास आणि प्रत्येक दाराशेजारी विजेचा सबमीटर. युनिट मोजून पैसे घेतले जातात, पण बिल येतं ते मालकाच्याच नावानं.

देशाच्या लोकशाहीचे टप्पे सांगायला बसलं की आपल्या तोंडी दिल्लीतल्या तारखा येतात. २६ जानेवारी १९५०, २५ जून १९७५, मार्च १९७७. त्या तारखा महाळुंग्याच्या खोल्यांपर्यंत कशा येऊन पोचल्या, हे मला पाहायचं आहे. त्यासाठी दोन माणसं बोलती केली आहेत. एक काकू. वय साठीच्या पुढे, जमीन एमआयडीसीत गेलेली, बारा खोल्यांच्या मालकीण, एकेकाळच्या ग्रामपंचायत सदस्य. दुसरा त्यांचा भाडेकरू, परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्याचा, कंपनीत ठेकेदाराकडून कामाला लागलेला, मुक्त विद्यापीठातून राज्यशास्त्र घेऊन बीए झालेला. ही कुणा एका घरची माणसं नाहीत. या पट्ट्यात गल्लीगल्लीत ऐकू येणारी बोलणी एकत्र करून ती उभी केली आहेत. वाद आहे एका कागदाचा.

भाडेकरू : काकू, भाडेकरार नोंदवून द्या, एवढंच म्हणतोय. मतदार यादीतलं नाव इकडं आणायचं तर आठ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, सोबत पत्त्याचा पुरावा. लाइट बिल तुमच्या नावानं. माझ्याकडं सबमीटरचा आकडा आहे, तो काही पुरावा होत नाही.

काकू : तुझ्याबद्दल माझी काही तक्रार नाही. भाडं वेळेवर देतोस, पाणी जपून वापरतोस. पण तुला कागद दिला की बाकीच्या अकरा खोल्याही मागणार. नवरा, बायको, भाऊ धरले तर माझ्या एकटीच्या चाळीतून तीस मतं झाली. गावात अशा चाळी किती? उद्या आमच्या वॉर्डात सदस्य कोण, हे तुम्ही ठरवणार. आणि ठेकेदारानं ब्रेक दिला की तुम्ही रांजणगावला जाणार, नाहीतर वाळूजला. मागं राहणार आम्ही.

भाडेकरू : सात-आठ वर्षं झाली, गेलो का कुठं?

काकू : तू नाही गेलास. तुझ्या शेजारच्या खोलीत किती बदलले?

हा प्रश्न काकूंचा एकटीचा नाही. स्वतंत्र भारताची पहिली मतदार यादी तयार होत असताना तो देशभर विचारला गेला. संविधान अजून लिहून व्हायचं होतं, नागरिक कोण हे ठरायचं होतं आणि यादीचं काम सुरू झालं होतं. अट अशी होती की ३१ मार्च १९४८ला संपणाऱ्या वर्षात त्या जागी किमान १८० दिवस राहिलेला माणूस मतदार होईल. फाळणीतून आलेले लाखो निर्वासित या अटीत बसणं शक्यच नव्हतं. काही ठिकाणच्या अधिकाऱ्यांचं म्हणणं पडलं की आधी त्यांना स्थिरावू द्या, मग यादीचं पाहू. संविधान सभेच्या सचिवालयानं वेगळा निर्णय घेतला. इथंच कायमचं राहण्याचा माझा इरादा आहे, असं निर्वासितानं लिहून द्यायचं. तेवढ्यावर त्याचं नाव घ्यायचं. जमीन, घर, किती दिवस राहिला, काही पाहायचं नाही. माझ्या लेखी आपल्या लोकशाहीतला हा फार मोठा क्षण आहे आणि शाळेच्या पुस्तकात त्याला एक ओळही मिळत नाही. १९३५च्या कायद्याखाली मत होतं सुमारे तीन कोटी लोकांना. शेतसारा भरणारे, कर भरणारे, शिकलेले. १९५१-५२च्या निवडणुकीत यादीवर १७ कोटींहून अधिक नावं होती.

काकू : निर्वासितांचं घरदार गेलं होतं. परत जायला जागा नव्हती त्यांना. तुझं घर जिंतूरला शाबूत आहे. दिवाळीला जातोस, पेरणीला जातोस.

भाडेकरू : दोन एकर कोरडवाहूत चार माणसं जगत नाहीत, काकू. मी जीव वाचवून पळालो नाही हे खरं. हौसेनंही आलो नाही. आणि माझी गंमत बघा. रेशनचं धान्य आता देशात कुठंही उचलता येतं, परभणीच्या कार्डावर मी ते इथं घेतो. २०२७च्या जनगणनेत मला महाळुंग्यात मोजणार. त्या आकड्यावर तुमच्या पंचायतीच्या जागा ठरणार, निधी ठरणार. म्हणजे डोकं मोजायचं इथं आणि मत विचारायचं जिंतूरला. लोकसभेला काय झालं? परभणीचं मतदान २६ एप्रिल २०२४ला, शिरूरचं १३ मेला. माझं मत होतं त्या शुक्रवारी लाइन चालू होती, इथं सुट्टी मिळाली १३ मेच्या सोमवारी. त्या दिवशी मी खोलीत बसून होतो.

काकू : मतदाराला पगारी रजा द्यायचा कायदा आहे.

भाडेकरू : आहे ना. तो ठेकेदाराच्या सुपरवायझरला सांगून बघा. आणि एका दिवसात जिंतूरला जाऊन परत यायचं तर दोन रात्री एसटीत काढाव्या लागतात.

काकू यावर काही बोलत नाहीत. मग जे बोलतात ते खोल्यांबद्दलचं नसतं.

काकू : तू हिशोब माणसांचा मांडतोस. गाव म्हणजे नुसती माणसं नव्हेत. भावकी आहे, जत्रा आहे, मसणवट्याची जागा आहे, गायरान आहे. कुणाच्या बांधावरून कुणाचं पाणी जातं, हे ज्याला माहीत आहे त्यानं गावाचं ठरवावं. गांधीजी हेच सांगत होते ना, ग्रामराज्य?

भाडेकरू : आणि बाबासाहेबांनी उलट सांगितलं.

४ नोव्हेंबर १९४८ला संविधानाचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या कौतुकावर सरळ घाव घातला. खेडं हे संकुचित वृत्तीचं, अज्ञानाचं, जातीयतेचं घर आहे आणि या मसुद्यानं खेडं टाकून व्यक्ती हा घटक धरला याचा आनंद वाटतो, अशा आशयाचं ते बोलले. सभेत त्यावर टीका झाली. गावाची बाजू घेणारे बरेच उठले आणि त्याच महिन्यात के. संतानम यांच्या सूचनेवरून ग्रामपंचायतींविषयीचं कलम मसुद्यात घातलं गेलं. तेच आजचं कलम ४०. घटक माणूस मानला आणि गावालाही एका कलमाची जागा दिली. दोघांत तंटा झाला तर कुणाचं ऐकायचं, हे तिथं लिहिलेलं नाही. महाळुंग्यात तो तंटा रोज चालू आहे. मी बाबासाहेबांच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण काकूंना गाव एवढं का धरून ठेवायचं आहे, हे त्यांच्या जमिनीची गोष्ट ऐकल्याशिवाय समजत नाही.

काकू : सासरे कूळ होते. मालक पुण्यात पेठेत राहायचे, सुगीला माणूस पाठवून खंड न्यायचे. मग कायदा आला, १ एप्रिल १९५७. कसेल त्याची जमीन. बत्तीस गचा निकाल झाला, किंमत ठरली, हप्त्यानं भरली, तेव्हा कुठं सातबाऱ्यावर नाव लागलं. तीही नवीन शर्तीची. कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नव्हती. आणि मग एमआयडीसी आली. आधी बत्तीस-दोनची नोटीस, मग बत्तीस-एक. इतर हक्कात शेरा पडला आणि पाहता पाहता कुंपण झालं. बत्तीस गनं आली, बत्तीस-एकनं गेली. आम्हाला विकायला परवानगी लागत होती, सरकारला घ्यायला आमची लागली नाही.

हे दोन बत्तीस निरनिराळ्या कायद्यांतले. एक १९४८च्या कुळकायद्यातलं, दुसरं १९६१च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास कायद्यातलं. चाकण पट्ट्यातल्या कितीतरी घरांचा इतिहास या दोन कलमांच्या मध्ये बसतो.

भाडेकरू : काकू, राग मानू नका. सासऱ्यांच्या वेळी मालक काय म्हणाला असेल? सातबारा माझा. कूळ आज आहे, उद्या नाही. गावचं आम्ही बघू. हेच तुम्ही मला म्हणताय.

काकू : कूळ जमिनीत घाम गाळतं रे. तू माझ्या खोलीत येऊन झोपतोस.

भाडेकरू : झोपतो इथं. घाम ज्या प्लॉटवर गाळतो, तोही कुणाच्या तरी बत्तीस गचाच होता.

इथं थोडं थांबून पाहायला हवं, कारण मताचा आणि जमिनीचा संबंध इथंच दिसतो. १९४८चा कुळकायदा झाला तेव्हाचं मुंबई विधिमंडळ मर्यादित मताधिकारावर निवडून आलेलं होतं. त्या कायद्यानं कुळाला संरक्षण दिलं. कुळाला मालक करणारी दुरुस्ती झाली १९५६ साली आणि ती केली १९५२ला सर्व प्रौढांच्या मतांवर निवडून आलेल्या विधिमंडळानं. दरम्यान १९५१च्या पहिल्या घटनादुरुस्तीनं जमीनसुधारणांच्या कायद्यांना नवव्या परिशिष्टाचं कवच दिलं होतं. जमीनमालक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५८ साली हरले. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती त्यांच्या नावावर मत आलं, आणि पाठोपाठ जमीनही आली. काकूंच्या सासऱ्यांचं मत तेव्हा कुणी भाडोत्री म्हणून नाकारलं असतं, तर त्यांच्या सातबाऱ्यावरचं नाव आलं असतं का, याची मला दाट शंका आहे.

१९५६मध्ये मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातल्या गोळीबारामुळे मराठी घरांत त्यांचं नाव अजून रागानं घेतलं जातं, आणि तो राग रास्त आहे. पण त्यांच्याच कारकिर्दीत कूळ मालक झालं. पुढे १९७७ला जनता पक्ष निवडून आला, आणीबाणी उठली आणि तेच मोरारजी पंतप्रधान झाले. त्यांच्या सरकारनं ४४वी घटनादुरुस्ती केली. आणीबाणी पुन्हा सहज लादता येऊ नये म्हणून तिनं बंध घातले. त्याच दुरुस्तीनं मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढून ३००अ कलमात नेला. २० जून १९७९पासून तो घटनात्मक हक्क आहे, मूलभूत नाही.

काकू : बघ म्हणजे. लोकशाही परत आणणाऱ्यांनीच आमचा हक्क खाली उतरवला.

भाडेकरू : पण मूलभूत होता तेव्हाही सरकारला जमीन घेता येत होती, काकू. एमआयडीसीचा कायदा १९६१चा, महामंडळ १९६२ला झालं.

काकू : येत होती ना? मग मला सांग, मत असून उपयोग काय झाला? पंचायतीनं ठराव केले, हरकती लिहून दिल्या. बाया-बापडे मोजणी अडवायला उभे राहिले. गावाचं मत कुणी मोजलं? खेड सेझचं बघ, कनेरसर-निमगावकडं. जमिनीच्या पंधरा टक्के परताव्यासाठी लोकांनी किती वर्षं हेलपाटे घातले. तेही मतदारच की.

काकूंचं हे म्हणणं मला नाकारता येत नाही. एमआयडीसीच्या कायद्यात ग्रामसभेच्या संमतीची अट नाही. नोटीस येते, हरकत ऐकून घेतात, राजपत्रात प्रसिद्धी होते, जमीन शासनाची होते. गाव हा घटक मानायचा म्हटलं तरी ज्या दिवशी गावाला सगळ्यात जास्त बोलायचं होतं, त्या दिवशी गावाला आवाज नव्हता. मग हाताशी उरली ग्रामपंचायत. तीही आता परक्या मतांनी जाईल, ही भीती त्यातून आलेली आहे. तिला नुसता हेकेखोरपणा म्हणून सोडून देता येणार नाही.

भाडेकरू : उपयोग झाला नाही असं नाही. मुळशी आठवा. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. टाटांच्या धरणाविरुद्ध मावळे बसले, सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे तुरुंगात गेले. धरण झालंच. त्या शेतकऱ्यांपैकी किती जणांना तेव्हा मत होतं? आता ९ ऑगस्ट २०११ आठवा.

काकू : तो दिवस मला सांगू नकोस. बऊरला एक्स्प्रेसवेवर पवनेच्या पाइपलाइनला विरोध केला म्हणून गोळ्या घातल्या. तीन जण गेले, त्यात एक बाई होती. मतदारच होते सगळे. गोळी थांबली का?

भाडेकरू : गोळी थांबली नाही. पाइपलाइन थांबली. पुढं वर्षानुवर्षं सरकारं बदलली तरी तिला हात लावायचं धाडस झालं नाही. मुळशीला तसं झालं नव्हतं.

काकू : तीन जीव देऊन एक नळ थांबवायचा, ही तुझी लोकशाही?

याला भाडेकरूकडे उत्तर नाही. माझ्याकडेही नाही.

आणीबाणीवर दोघं फार बोलत नाहीत. काकू तेव्हा शाळेत होत्या. गुरुजींना आणि तलाठ्यांना नसबंदीच्या केसेस आणायचं काम होतं, जीप आली की माणसं शेताकडे निघून जायची, एवढं त्यांच्या लक्षात आहे. महाराष्ट्रानं १९७६मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर केलं होतं, हे भाडेकरू सांगतो तेव्हा त्या दचकतात. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायद्यात उतरलं नाही. निवडून आलेल्या सभागृहानं, विरोधक तुरुंगात असताना, असंही मंजूर केलं होतं. दुर्गाबाई भागवत कराडच्या साहित्य संमेलनात आणीबाणीविरुद्ध बोलल्या ते आपण अभिमानानं सांगतो. हे विधेयकही तितकंच आपलं आहे.

काकू खुलून बोलतात त्या त्यांच्या सदस्यपणाबद्दल.

काकू : पहिल्या मीटिंगला गेले तर खुर्ची नव्हती. बायकांनी सतरंजीवर बसायचं, पुरुष खुर्च्यांवर. सह्यांचं पुस्तक घरी यायचं, आम्ही सह्या करायच्या. मी म्हटलं, ठराव वाचून दाखवा, मग सही. ग्रामसेवकानं नवऱ्याकडं पाहिलं. नवरा म्हणाला, सदस्य ती आहे.

भाडेकरू : आरक्षण नसतं तर झाला असता?

काकू : कशाला झाले असते? गावातली माणसं म्हणतच होती, बाईला काय कळतं, उद्या माहेरी जाईल.

भाडेकरू : बघा, तुम्हालाही हेच म्हणत होते. आज आहे, उद्या नाही.

महाराष्ट्रानं स्थानिक संस्थांत स्त्रियांना ३० टक्के जागा १९९०मध्येच दिल्या. २४ एप्रिल १९९३ला ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली, एक तृतीयांश जागा घटनेनंच बांधून दिल्या, आणि २०११मध्ये राज्यानं निम्म्या केल्या. त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तरेकडच्या राज्यांत सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळाली होती. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तशी नोंद मान्य करायला नकार दिला. बाईचं नाव तिचंच पाहिजे. कठोर वाटतो हा निर्णय, पण पुढच्या निवडणुकीत त्यांतल्या अनेक बायका आपापल्या नावानं आल्या.

काकू : ७३वी दुरुस्ती म्हणतोस ना, ती आम्ही शिबिरात पाठ केली होती. पाच वर्षांच्या आत निवडणूक झालीच पाहिजे. मग झेडपीचं काय झालं? मार्च २०२२ला मुदत संपली आणि प्रशासक बसला. कधी ओबीसी आरक्षण, कधी गटरचना, तारखांवर तारखा. सुप्रीम कोर्टानं मे २०२५मध्ये सांगितलं, निवडणुका घ्या. प्रत्यक्ष मतदानाला २०२६ उजाडलं. पिंपरी-चिंचवडची महापालिकाही तशीच, जवळजवळ चार वर्षं नगरसेवकांवाचून. चाकण चौकातली कोंडी घेऊन मी कुणाकडं जायचं? साहेब म्हणायचे, अर्ज द्या.

भाडेकरू : त्या चार वर्षांत तुम्ही माझ्यासारख्याच होता. मोजणीत आहे, विचारण्यात नाही.

काकू : (थोडं थांबून) हो. होते.

या संवादातली ही जागा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. १९७६ला निवडणुका लांबवल्या तेव्हा त्या काळाला आणीबाणी हे नाव होतं, तारीख होती, म्हणून त्याच्याविरुद्ध उभं राहता आलं. २०२२ ते २०२६ या काळाला नाव नाही. तुलना मी करत नाही. कुणी तुरुंगात गेलं नाही, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला नाही. पण देशातल्या मोठ्या वाहन उद्योगाच्या पट्ट्यात रस्ता, पाणी, कचरा यांचा जाब विचारायला झेडपीत आणि महापालिकेत निवडून दिलेला माणूसच नव्हता, आणि बहुतेकांनी ते चालवून घेतलं. मूळ गावकऱ्यांनीही, बाहेरून आलेल्यांनीही.

काकू : आता चाकणची वेगळी महापालिका करायचं चाललंय. झाली तर पंचायतच राहणार नाही. मग तुम्ही-आम्ही सगळे प्रभागातले.

भाडेकरू : पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी, सगळ्या आधी ग्रामपंचायतीच होत्या. १९७०ला नगरपालिका, १९८२ला महापालिका. तिथं आज मूळचा कोण, हे विचारून मतदान होत नाही.

काकू : म्हणूनच म्हणते, आहे तोवर गाव राहू दे.

भाडेकरू : आणि मी म्हणतो, आहे तोवर मला त्यात घ्या. उद्या महापालिकेचा निर्णय झाला तर हरकत घ्यायला तुमच्या बाजूनं तीस मतं जास्त असतील. ओढ्याला कंपनीचं पाणी येतं, त्याचा वास तुमच्या ओट्यावर येतो तसा माझ्या खोलीतही येतो.

काकू : निवडणूक आयोग मशीन आणणार होता ना? इथं बसून तिकडचं मत देता येईल असं.

भाडेकरू : डिसेंबर २०२२मध्ये जाहीर केलं, जानेवारीत पक्षांना दाखवायला बोलावलं. पक्षांनी शंका काढल्या, तिथंच राहिलं. पण ते आलं असतं तरी ओढ्याचं काय? त्यानं जिंतूरचा आमदार इथून निवडता आला असता. महाळुंग्याची ग्रामसभा मला बंदच.

काकूंचा पुढचा प्रश्न मला त्यांच्या सगळ्या युक्तिवादांहून अवघड वाटला, कारण तो कायद्याला धरून आहे. एका माणसाचं नाव एकाच यादीत राहतं.

काकू : इथं नाव आलं की जिंतूरचं जाणार. पाणंद रस्ता, विहिरीचं अनुदान, बापाच्या नावाचं घरकुल, सगळं तिकडच्या पंचायतीत. सोडशील?

भाडेकरू : वडील म्हणतात, नाव काढू नको. आमच्या भावकीची मतं तिकडं मोजून ठेवलेली असतात, एक कमी झालं तरी बोलणी बसतात. माय म्हणती, लेकरू जिथं शाळेत जाईल तिथं नाव ठेव.

काकू : आणि तू?

भाडेकरू : पोरीला जूनमध्ये इथल्या झेडपीच्या शाळेत घातलं. एका खोलीत दोन वर्ग बसतात. खोली वाढवायची तर ठराव इथल्या ग्रामसभेत होणार, जिंतूरला नाही. सोडतो तिकडचं.

काकू : नीट विचार केलास?

भाडेकरू : केला.

काकू : बाकीच्या अकरा खोल्यांचं मी आज काही सांगत नाही. ज्याचं त्याचं बघून ठरवीन, त्यांनीही तुझ्यासारखं येऊन बोलावं. तुझा करार नोंदवू. पण त्यावर तुझं एकट्याचं नाव नको. बायकोचंही घाल, तिच्या आधारवर आहे तसं पूर्ण. तिचाही फॉर्म भर. तू नाइटला असलास की ग्रामसभेला कोण येणार मग?